विजेता संघ का घसरतो?

11 मार्च 2025 रोजी बंगळुरूच्या श्री कांतिरवा क्रीडांगणावर आपल्या मुंबई सिटी संघाने यजमान बंगळुरू एफसीला दोन-शून्य असे हरवून इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीतली सहावी आणि शेवटची जागा पटकावली. आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, 29 मार्चला, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याशी आणि त्याच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खेळताना हाच संघ शून्य विरुद्ध पाच गोलांनी पराभूत होऊन स्पर्धेबाहेर फेकला गेला. ज्या संघाने वर्षही उलटले नव्हते तोच, म्हणजे 4 मे 2024 रोजी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला त्यांच्याच अफाट समुदायासमोर तीन-एक असे नमवून चषक जिंकला होता, त्याची ही अवस्था पाहून त्याच्यावर जीव लावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न आला: प्रशिक्षक पेट्र क्रात्की याने हा संघ बिघडवला काय?

हा प्रश्न वर्सोव्याला विशेष जिव्हाळ्याचा आहे. वर्सोवा स्थानकावरून मेट्रोत बसले की दुसरे स्थानक आझाद नगर. तेथून अंधेरीतल्या वीरा देसाई मार्गावरचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल हाकेच्या अंतरावर आहे आणि 2016 पासून मुंबई सिटीचे घर तेच. सात हजारांच्या आसपास माणसे सामावणाऱ्या ह्या लहानशा मैदानात प्रेक्षक खेळाच्या इतका निकट बसतो की, बुटाचा चेंडूवर बसलेला आघात आणि कडेला उभ्या राहिलेल्या प्रशिक्षकाची हाक ही दोन्ही त्याला ऐकू येतात. इतक्या जवळून पाहणाऱ्याला अपयशाचा धनी शोधण्यास वेळ लागत नाही, कारण तो समोरच उभा असतो. परंतु समोर उभा असलेला माणूस आणि घडलेल्या गोष्टीचे कारण ही दोन्ही एकच असतील असे नाही, आणि ती कोठवर एक आहेत हे ठरवण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो.

घसरण मोजायची कशी?

सामान्य प्रेक्षक संघाची प्रकृती गुणतक्त्यातल्या क्रमांकावरून जोखतो. पहिला, दुसरा आणि मग एकदम सहावा अशी उतरण पाहिली की छातीत धस्स होते. पण 2024-25 च्या हंगामात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावरच्या बंगळुरू, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर ह्या तिन्ही संघांचे गुण प्रत्येकी 38 होते, आणि सहाव्या मुंबईचे 36. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळतो हे ध्यानात घेतले, तर मुंबईच्या नऊ बरोबऱ्यांपैकी केवळ दोन सामन्यांत आणखी एकेक गोल झाला असता तरी संघ 40 गुणांनिशी तिसरा आला असता, आणि बाद फेरीचा तो सामना बंगळुरूऐवजी अंधेरीत झाला असता. क्रमांक हा अशा रीतीने लहान अंतराला मोठे करून दाखवतो, म्हणून प्रकृती पाहायची ती गोलांच्या जमाखर्चात.

चौकट : पाच हंगामांचा जमाखर्च (साखळी सामने)

2020-21, प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा : 20 सामने, केलेले गोल 35, खाल्लेले 18, गुण 40, क्रमांक पहिला.
2021-22, प्रशिक्षक डेस बकिंगहॅम : 20 सामने, केलेले 36, खाल्लेले 31, गुण 31, क्रमांक पाचवा.
2022-23, बकिंगहॅम : 20 सामने, केलेले 54, खाल्लेले 21, गुण 46, क्रमांक पहिला.
2023-24, प्रथम बकिंगहॅम, डिसेंबरपासून क्रात्की : 22 सामने, केलेले 42, खाल्लेले 19, गुण 47, क्रमांक दुसरा.
2024-25, क्रात्की : 24 सामने, केलेले 29, खाल्लेले 28, गुण 36, क्रमांक सहावा.

रोग बचावात नव्हता

पाच गोल खाऊन बाहेर पडलेल्या संघाचा बचाव कोसळला असे मानणे स्वाभाविक आहे, आणि त्या हंगामात पंजाब व नॉर्थईस्ट युनायटेड ह्या संघांनी प्रत्यक्ष अंधेरीत येऊन तीन-शून्य असे विजय मिळवले होते, त्यामुळे त्या समजाला साक्षही मिळते. चौकटीतले आकडे मात्र निराळी हकीगत सांगतात. 2022-23 च्या त्या देदीप्यमान हंगामात मुंबईने दर सामन्यास सरासरी 1.05 गोल खाल्ले होते. 2024-25 मध्ये 1.17 खाल्ले. हा फरक इतका किरकोळ आहे की, केवळ त्याच्या आधारे एका संघाला विजेता आणि दुसऱ्याला पराभूत म्हणता येणार नाही. याउलट केलेल्या गोलांची सरासरी 2.7 वरून 1.2 वर, म्हणजे निम्म्याहूनही खाली आली. मोठे पराभव स्मरणात राहतात आणि एक-एक किंवा शून्य-शून्य असे सुटलेले सामने विस्मरणात जातात. परंतु संघ खचला तो त्या विस्मृत सामन्यांत.

2021-22 ची घसरण ह्याच्या नेमकी उलट होती, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या वर्षी गोल आदल्या विजेत्या हंगामाइतकेच झाले, किंबहुना एक अधिकच. पण खाल्लेले गोल 18 वरून 31 वर गेले. संघ तोच आणि दोन्ही वेळा घसरणच, तरी रोग भिन्न. ज्याला रोगाचे निदान न करता औषध देण्याची घाई आहे तो दोन्ही वेळा प्रशिक्षक बदला असेच सांगेल.

गेलेली माणसे

मग गोल गेले कोठे? ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर अत्यंत साधे आहे: जी माणसे गोल करीत आणि करवीत होती ती माणसे गेली. 2022-23 च्या आघाडीत अर्जेंटिनाचा होर्हे पेरेरा डियाझ गोलासमोर, स्पेनचा अल्बर्तो नोगेरा आणि स्कॉटलंडचा ग्रेग स्टीवर्ट त्याच्या मागे, आणि मिझोरामचा लालियानझुआला छांगते व मणिपूरचा बिपिन सिंग दोन्ही कडांना अशी ती रचना होती. स्टीवर्टने जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे क्रात्की रुजू होऊन महिनाभर झाला नाही तोच, संघ सोडला. चषक जिंकल्यानंतरच्या उन्हाळ्यात डियाझ, नोगेरा आणि अंतिम सामन्यातला कर्णधार, अस्सल मुंबईकर बचावपटू राहुल भेके, हे तिघेही बंगळुरूस गेले. आणि मध्यभागाचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला जाऊन मिळाला. 29 मार्चच्या त्या सामन्यात मुंबईवरचा पाचवा गोल डियाझने केला, आणि नंतर उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी गोल करून मोहन बागानला अंतिम सामन्यात नेणारा अपुइया होता. मुंबईने गमावलेले दोन मोहरे त्याच वसंतात दोन प्रतिस्पर्ध्यांच्या कामी आले.

पाच-सहा माणसे गेली आणि पाच-सहा नवी आली तर बेरीज तीच राहत नाही, ह्याचे कारण समजून घेण्यासाठी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या होडीकडे पाहावे. जाळे कोठे व कोणत्या भरतीला टाकायचे ह्याचा हुकूम तांडेलाचा असतो, परंतु तो अमलात येतो खलाशांच्या हातांनी. वर्षानुवर्षे एकत्र गेलेले खलाशी एकमेकांना हाक न मारता दोर ओढतात. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा आपोआप पुढे येतो. त्यांतले चार जाणते खलाशी शेजारच्या होडीवर गेले आणि त्यांच्या जागी तितकेच बळकट पण परस्परांना अपरिचित असे चौघे आले, तर तांडेलाचे दर्यावरचे ज्ञान तसूभरही कमी होत नाही. जाळे मात्र ऐन ओढीच्या वेळी एका बाजूला कलते आणि मासळी निसटते. किनाऱ्यावर रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना त्यातला तांडेल तेवढा दिसतो.

फुटबॉलमध्ये हे कलणे अधिक जाणवते, कारण त्या खेळात सर्वांत कच्च्या जागेची किंमत सर्वांत मोठी असते. क्रिकेटमध्ये एक फलंदाज एकट्याने दीडशे धावा काढून इतरांचे अपयश झाकू शकतो. फुटबॉलमधला गोल हा मात्र सात-आठ पासांच्या मालिकेच्या शेवटी येतो आणि मालिकेतला कोणताही एक पास चुकला तरी आधीचे सर्व कष्ट शून्यवत होतात. इंडियन सुपर लीगमध्ये ह्यास आणखी एका नियमाची जोड आहे. एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरू शकतात, उरलेले सात भारतीयच असावे लागतात. परदेशी आघाडीवीर जगाच्या बाजारातून आणता येतो, परंतु दडपणाखाली चेंडू घेऊन मान वर करून पुढे पाहणारा अपुइयासारखा भारतीय मध्यरक्षक अखिल देशात मोजकाच सापडतो, आणि तो दुसऱ्या क्लबकडे असतो. अपुइयाचे जाणे हे म्हणूनच, माझ्या मते, डियाझच्या जाण्याहूनही महागात पडले.

चेंडू ताब्यात, गोल मात्र नाही

2019 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला 65 टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर लोबेरा, बकिंगहॅम आणि क्रात्की असे तीन प्रशिक्षक आले, तरी खेळाची घडण एकाच घराण्याची राहिली. बकिंगहॅम आणि क्रात्की हे दोघे तर त्याच समूहाच्या मेलबर्न सिटी क्लबात पूर्वी प्रशिक्षण विभागात काम केलेले. ह्या घराण्याची पद्धत अशी की, गोलरक्षकाने चेंडू लांब भिरकावायचा नाही. तो जवळच्या बचावपटूकडे द्यायचा, तेथून मध्यात, मध्यातून कडेला, असे लहान लहान पास करीत, चेंडू आपल्याकडे राखीत वर सरकायचे.

ह्या पद्धतीला दोन उत्तरे आहेत आणि ती चारपाच वर्षांत सर्व प्रतिस्पर्ध्यांना मुखोद्गत झाली. पहिले उत्तर म्हणजे वरूनच दाब आणणे: गोलरक्षकाने चेंडू दिला रे दिला की तिघाचौघांनी धावून जायचे आणि त्यांच्याच दारात तो हिसकावायचा. दुसरे उत्तर म्हणजे आपल्या गोलासमोर दहा माणसांच्या दोन दाट रांगा लावून स्वस्थ बसायचे आणि चेंडू खुशाल तुमच्याकडे राहू द्यायचा. ह्या दुसऱ्या प्रसंगी काय होते ते अंधेरीच्या प्रेक्षकाने पुष्कळदा पाहिले आहे. चेंडू डाव्या बचावपटूकडून मध्यात येतो, मध्यातून उजवीकडे जातो, तेथे छांगतेसमोर दोघे उभे असतात म्हणून परत मध्यात येतो, पुन्हा डावीकडे जातो; समोरच्या रांगा प्रत्येक पासाबरोबर चार पावले सरकतात आणि फट पडत नाही. घड्याळाचा काटा मात्र पुढे जात असतो.

ती फट पाडण्याचे दोनच मार्ग आहेत. एकतर कोणीतरी त्या दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभे राहून, पाठीमागे बचावपटू असताना चेंडू घ्यायचा आणि एका वळणात पुढे द्यायचा. हे काम स्टीवर्ट आणि नोगेरा यांचे होते. नाहीतर आघाडीवीराने चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही वारंवार आडव्या-तिडव्या धावा काढून बचावपटूंना आपल्यामागे खेचून न्यायचे, जेणेकरून रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा शिरेल. हे काम डियाझचे होते आणि छांगतेला गोलाकडे जाण्याची वाट त्याच्यामुळे मोकळी होत असे. 2024 मध्ये आलेला ग्रीक आघाडीवीर निकोस करेलिस याने आपल्या वाट्याचे गोल केले, योएल व्हॅन निफ याने मध्यभागी चेंडू उत्तम राखला, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस हाही कसबी खेळाडू. परंतु रांगांच्या मधल्या त्या पट्ट्यात राहणारा रहिवासी कोणी उरला नाही. पद्धत कायम राहिली आणि तिच्यातून गोल उत्पन्न करणारा अवयव निघून गेला.

दैवाचा वाटा

आता जे सांगायचे आहे ते पाठीराख्यांना क्वचितच रुचते. फुटबॉलमध्ये गोल इतके विरळ असतात की, इतर अनेक मोठ्या सांघिक खेळांपेक्षा येथे योगायोगाला अधिक वाव मिळतो. संभाव्यतेच्या साध्या गणिताने पाहू. ज्या संघाची सरासरी दर सामन्यास 2.7 गोल आहे, त्याच्यावर एकही गोल न करता परतण्याचा प्रसंग साधारण पंधरा सामन्यांत एकदा यावा, सरासरी 1.2 वर आली की तोच प्रसंग दहांतून तीनदा यावा. म्हणजे कोणी चुकले नाही, कोणी आळस केला नाही, तरी ह्या दुसऱ्या संघाचे कित्येक दिवस कोरडे जाणारच. 11 मार्चचा दोन-शून्य विजय आणि 29 मार्चचा शून्य-पाच पराभव यांपैकी कोणताही एक निकाल संघाची खरी पातळी दाखवत नव्हता. ती त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होती.

हाच न्याय यशालाही लावला पाहिजे. 24 एप्रिल 2024 रोजी गोव्यात फातोर्डा मैदानावर उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला, त्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत मुंबई शून्य-दोन अशी मागे होती. आणि मग छांगते, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगते असे तीन गोल काही मिनिटांत होऊन सामना मुंबईने तीन-दोन असा जिंकला. तो पराक्रम खराच होता, परंतु असा पराक्रम हुकमी नसतो. त्या वर्षी क्रात्कीला दैवाने जे दिले त्यातले काही पुढल्या वर्षी परत घेतले. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन याने 1886 मध्ये दाखवून दिले की, असाधारण उंच आईबापांची मुले सरासरीने उंच असली तरी आईबापांइतकी उंच नसतात, मध्याकडे थोडी झुकतात; कोणत्याही असाधारण फळामागे गुणाबरोबर योगायोगाचाही हात असतो आणि योगायोग वारसाहक्काने मिळत नाही, हे त्याचे कारण. विजेत्या संघाचे पुढचे वर्ष बहुधा उणे का जाते, ह्याचा एक मोठा भाग ह्या नियमाने उलगडतो.

प्रशिक्षक बदलला तर?

ओळीने पराभव झाले की प्रशिक्षकाची बरखास्ती व्हावी आणि नव्याची नेमणूक होताच संघ जिंकू लागावा, हा जगभरचा शिरस्ता आहे आणि म्हणून बरखास्तीचा गुण आला असे लोक मानतात. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तेथील सर्वोच्च साखळीच्या 1986 ते 2004 ह्या अठरा हंगामांचे दफ्तर तपासले आणि ज्यांनी प्रशिक्षक काढला अशा संघांच्या शेजारी, तितक्याच वाईट अवस्थेत असूनही ज्यांनी तो ठेवला असे संघ मांडले. काढणारे संघ सावरले हे खरे. पण न काढणारेही तसेच सावरले. जे मध्याकडे परतणारच होते ते परतले आणि श्रेय नव्या माणसाच्या नावे जमा झाले.

आपल्याकडे ह्याचे प्रत्यंतर फार दूर शोधावे लागत नाही. लोबेराने एकाच हंगामात साखळीतला पहिला क्रमांक आणि चषक अशी दोन्ही मिळवल्यावर 2021 मध्ये बकिंगहॅम आला, पहिल्या सहापैकी पाच सामने त्याने जिंकले, त्यांत एटीके मोहन बागानवरचा पाच-एक असा विजय होता. आणि मग संघ असा घसरला की पाचव्या क्रमांकावर राहून, तेव्हा बाद फेरीत चारच संघ जात असल्याने, तिच्याबाहेरच पडला. त्या वेळी त्याला काढावे असे म्हणणारे थोडे नव्हते. क्लबने त्याला ठेवले. हंगाम संपता संपता, एप्रिल 2022 मध्ये, रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघावर दोन-एक असा विजय मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला, विजयी गोल भेकेचा होता. आणि पुढल्याच हंगामात चौकटीतले ते 54 गोल आणि 46 गुण आले. 2022 च्या वसंतात बकिंगहॅमला बडतर्फ केले असते, तर मुंबईच्या इतिहासातले सर्वोत्तम वर्ष दुसऱ्या कोणाच्या नावावर लागले असते, किंवा कदाचित उगवलेच नसते.

क्रात्कीचा वाटा किती?

एवढे सगळे म्हटल्यावर प्रशिक्षक निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. बकिंगहॅमच्या हाती रोगाचे औषध होते, कारण 2022 च्या उन्हाळ्यात त्याला डियाझ, नोगेरा आणि स्टीवर्ट असे तिघेही मिळाले. क्रात्कीच्या बाबतीत तेच तिघे गेले. परंतु चांगल्या प्रशिक्षकाची कसोटी अशाच समयी लागते. रांगांच्या मध्ये खेळणारा कोणी नाही हे स्पष्ट झाल्यावर आक्रमणाची वाट बदलायला हवी होती: चेंडू मिळताच छांगते आणि विक्रम प्रताप यांच्या वेगाचा उपयोग करून, समोरच्या रांगा बसण्याआधी चार पासांत गोलापर्यंत पोहोचणे हा एक मार्ग होता, आणि ठरावीक जागेवरून मिळणाऱ्या फ्री किक व कॉर्नरवर अधिक श्रम घेणे हा दुसरा. क्रात्कीने घराण्याची पद्धत सोडली नाही. निष्ठा हा गुण खरा, पण नऊ बरोबऱ्यांच्या हंगामात ती निष्ठा दुराग्रहाच्या सीमेवर पोहोचली होती असे मला वाटते.

क्लबने त्याला काढले नाही, आणि त्या पाच गोलांच्या पराभवानंतर महिनाभरातच, एप्रिल 2025 मध्ये, भुवनेश्वरच्या सुपर कपमध्ये त्याच्याच हाताखाली संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याला ठेवण्याचा निर्णय योग्य होता. घसरणीचा जाब विचारायचाच असेल, तर ज्या उन्हाळ्यात डियाझ, नोगेरा, भेके आणि अपुइया हे चौघे एकदम हातचे गेले आणि त्यांच्या जागा अर्ध्यामुर्ध्याच भरल्या गेल्या, त्या उन्हाळ्याचा जाब प्रथम क्लबच्या कचेरीने द्यावा, आणि मग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने.